लाट वर जाते, रिग का जात नाही?

ओळंबा (धागाकर्ता)

पहिल्यांदा समुद्रात तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या ड्रिलिंग रिगवर गेलो तेव्हा एका रात्रपाळीत तासभर कठड्याला टेकून नुसता खाली बघत राहिलो होतो. चार-पाच मीटरच्या लाटा रिगच्या जाडजूड खांबांना वळसा घालून जात होत्या आणि पायाखालचा डेक जेमतेम हात-दीड हात वर जाऊन संथपणे खाली येत होता. शेजारी थांबलेली पुरवठा बोट त्याच पाण्यात उचलून आपटली जात होती. दोन्ही तरंगणाऱ्याच वस्तू. रिग वजनदार आहे म्हणून ती स्थिर, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. ती चुकीची होती. तीन लाख टनांचं तेलसाठवण जहाज वादळी लाटांत ५० हजार टनांच्या रिगपेक्षा कितीतरी जास्त वरखाली होतं. मग हा फरक कशाने पडतो, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

तरंगणारी वस्तू सहा प्रकारे हलते. तीन सरळ हालचाली आणि त्याच तीन अक्षांभोवतीची तीन डोलणी. आडव्या हालचाली नांगर-साखळ्यांनी काबूत ठेवता येतात. उभी हालचाल, जिला रिगवर सगळे हीव्ह म्हणतात, सहसा तशी बांधून ठेवता येत नाही आणि कामाच्या दृष्टीने तीच सगळ्यात महाग पडते. कारण रिगवरून गेलेला ड्रिल पाइप हजारो मीटर खाली खडकाला टेकलेला असतो. खडक जागचा हलत नाही, रिग हलते, आणि हा फरक मध्ये कुठेतरी जिरवावा लागतो.

पाण्यात उभी तरंगणारी बाटली बोटाने दाबून सोडा. ती ठरावीक तालात वरखाली होते. हा ताल दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे किती वस्तुमान हलवायचं आहे. यात वस्तूच्या स्वतःच्या वस्तुमानासोबत ती हलताना जे पाणी ढकलावं लागतं तेही धरायचं. त्याला ॲडेड मास म्हणतात आणि तो मोठा असतो, कधीकधी वस्तूइतकाच. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी तिला किती जोराने मूळ जागी आणतं. हा जोर वस्तू किती मोठी यावर ठरत नाही. पाण्याच्या पातळीवर तिचा आडवा छेद केवढा आहे, तेवढ्यावरच ठरतो.

आता एक नमुन्याची सेमी-सबमर्सिबल रिग घेऊ. खाली पाण्यात पूर्ण बुडालेले मोठे पॉंटून, म्हणजे पोकळ पोलादी पेट्या, त्यावर चार खांब, खांबांवर डेक. खांब १५ मीटर बाय १५ मीटर धरले तर पाणरेषेवरचं क्षेत्रफळ झालं ९०० चौरस मीटर. रिग एक मीटर खाली दाबली तर पाणी तिला सुमारे ९२० टनांच्या जोराने वर ढकलणार. रिगचं वस्तुमान ५० हजार टन आणि ॲडेड मास ४० हजार टन धरला तर एक झोका पूर्ण व्हायला साधारण २० सेकंद लागतात. तेच ३०० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद जहाज घ्या. पाणरेषेवरचं क्षेत्रफळ जवळपास १५ हजार चौरस मीटर. एक मीटर दाबलं की १५ हजार टनांहून जास्त जोर. पाण्यासकट सहा लाख टन हलवायचे असूनही झोका साडेबारा सेकंदांत पुरा होतो.

समुद्राच्या लाटांची बहुतेक ऊर्जा ५ ते २० सेकंदांच्या पट्ट्यात असते आणि मोठ्या वादळात ती १२ ते १६ सेकंदांच्या आसपास एकवटते. जहाज बरोबर त्याच्या मधोमध सापडतं. सेमी-सबमर्सिबल काठावर उभी राहते. वजन तिला वाचवत नाही. पाणरेषेपाशी तिची कंबर बारीक आहे आणि बाकीचं शरीर खोल आहे, म्हणून ती संथ आहे.

ही गोष्ट कळली तीही कामाच्या ओघात. ब्लू वॉटर रिग नं. १ ही मुळात समुद्रतळावर बसून ड्रिलिंग करणारी रिग होती. अर्धवट बुडालेल्या स्थितीत ती फारच कमी हलते हे शेल कंपनीच्या ब्रूस कॉलिप यांनी हेरलं, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिलाच मेक्सिकोच्या आखातात तरंगत ड्रिलिंग करायला लावलं. सेमी-सबमर्सिबलचा जन्म हा असा झाला.

प्रश्न जरूर विचारा. जमेल तसं लिहितो.

शीड

उत्तम धागा. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचंच सूत्र इथे दिसतंय हे लगेच लक्षात आलं. पण ही झाली अर्धी बाजू. ताल कुठलाही असो, लाट त्या रिगवर बल किती लावते? पॉंटून एवढे प्रचंड आहेत, त्यांना लाट ढकलत नाही का?

कट्टेकरी

मस्त माहिती. पण मला वाटायचं की आठ-बारा नांगर टाकलेले असतात, तेच रिगला खाली धरून ठेवतात. मग हीव्ह होईलच कशी?

साखळदंड

@कट्टेकरी, माझं काम मूरिंगचंच, म्हणजे नांगर-साखळ्यांनी बांधण्याचं, म्हणून हे मी घेतो. नांगराच्या साखळ्या रिगपासून लांबवर तिरक्या जाऊन समुद्रतळावर आडव्या पसरलेल्या असतात. रिग वर गेली तर तळावर पडलेल्या साखळीच्या आणखी काही कड्या उचलल्या जातात, इतकंच. वर ओळंबा यांनी ९२० टन प्रति मीटर हा आकडा दिला आहे. त्याच्यापुढे साखळ्यांची उभ्या दिशेची ताठरता किरकोळ असते. साखळ्या रिगला वाहून जाऊ देत नाहीत. वरखाली होण्यापासून त्या तिला रोखत नाहीत.

मात्र तुम्ही म्हणता तसं खरोखर खाली धरून ठेवलेला एक प्रकार आहे. त्याला टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, थोडक्यात टीएलपी म्हणतात. त्यात पोलादी नळ्यांचे टेंडन मंचाच्या कोपऱ्यांपासून सरळ उभे समुद्रतळातल्या पायापर्यंत जातात. मंच मुद्दाम गरजेपेक्षा जास्त बुडवून बांधलेला असतो, त्यामुळे त्याला सतत वर यायचं असतं आणि टेंडन कायम ताणलेले राहतात. इथे मूळ जागी आणणारा जोर पाणी देत नाही, पोलाद देतं. म्हणून झोका २ ते ४ सेकंदांचा, म्हणजे लाटांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिला टीएलपी १९८४ साली उत्तर समुद्रातल्या हटन क्षेत्रावर बसला, सुमारे १४८ मीटर पाण्यात.

एक गंमतशीर भूमिती यात आहे. टीएलपी लाटेबरोबर वर जात नाही, पण वाऱ्याने बाजूला सरकला की खाली जातो, कारण टेंडनची लांबी तीच राहते. १००० मीटर पाण्यात मंच ५० मीटर सरकला तर तो सव्वा मीटर खाली बुडतो. हे गृहीत धरूनच डेकची उंची ठरवावी लागते.

आणि टेंडन हाच आधार असल्याने तो गेला की काय होतं तेही सांगायला हवं. २००५ च्या सप्टेंबरमध्ये रीटा चक्रीवादळानंतर मेक्सिकोच्या आखातातला टायफून नावाचा टीएलपी आपल्या बांधणीपासून सुटून उलटा तरंगताना सापडला.

ओळंबा

साखळदंड, आभार. माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

@शीड, तुमचा प्रश्न या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लाट ही पृष्ठभागाची गोष्ट आहे. खाली जावं तसा तिचा परिणाम झपाट्याने ओसरतो. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर आवर्तकालाचा, म्हणजे एका माथ्यामागून दुसरा यायला लागणाऱ्या सेकंदांचा, वर्ग करून १.५६ ने गुणायचं. १० सेकंदांची लाट १५६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०६ मीटर, २० सेकंदांची ६२४ मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेमुळे होणारा दाबातला बदल पृष्ठभागाच्या चार टक्क्यांवर येतो. म्हणून पॉंटून वीस-बावीस मीटर खाली ठेवले की छोट्या लाटा त्यांच्या डोक्यावरून निघून जातात. लांब लाट मात्र खोलवर पोचते.

आता खरी मेख. लाटेचा माथा रिगवर आला आहे असं समजा. पाण्यात सगळीकडे दाब वाढला आहे, पण वर जास्त आणि खाली कमी. पॉंटूनचा जो भाग उघडा आहे त्याच्या वरच्या अंगावर जास्त दाब, खालच्या अंगावर कमी. म्हणजे तिथे माथा येऊनही पॉंटून खाली ढकललं जातं. पण जिथे पॉंटूनवर खांब उभा आहे तिथे वरच्या अंगाला पाणीच नाही. तिथे फक्त खालून दाब, म्हणून वर ढकलणारं बल. एकाच क्षणी, एकाच लाटेत, रिगवर दोन परस्परविरुद्ध बलं लागतात.

छोट्या लाटांत दाब खोलीनुसार भरभर बदलतो म्हणून पॉंटूनचं बल जिंकतं. लांब लाटांत वर-खाली फारसा फरक राहत नाही, तिथे खांबाचं बल जिंकतं. मध्ये एका विशिष्ट आवर्तकालाला दोन्ही बरोबर फिटतात आणि रिगवरचं उभं बल जवळजवळ शून्य होतं. पॉंटून किती मोठे आणि खांब किती जाड हे प्रमाण जुळवून हा बिंदू कुठे पडेल ते ठरवता येतं. कुठल्या आवर्तकालाला रिग किती हलते याच्या आलेखावर मी पहिल्यांदा ती रेघ शून्याला टेकताना पाहिली तेव्हा गणितात चूक झाली असं वाटून सगळं परत तपासलं होतं.

पण या शून्याला लागूनच, थोड्या लांब आवर्तकालाला, रिगचा स्वतःचा ताल बसलेला असतो. रेघ शून्यावरून उठते ती सरळ शिखरावर चढते. लाटेत दोन-तीन सेकंदांचा फरक पडला तर रिग जवळजवळ स्तब्ध असण्यापासून लाटेपेक्षाही जास्त हलण्यापर्यंत जाऊ शकते. त्याहून लांब लाटेत, जिथे लाट म्हणजे भरतीसारखं संथ चढणारं पाणी होतं, तिथे रिगही जहाजासारखीच तिच्याबरोबर वर जाते आणि खाली येते.

उधाण

हे शेवटचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. मी ड्रिल फ्लोअरवर बरीच वर्षं काढली आहेत. सूत्रं मला येत नाहीत, पण तुम्ही जे शिखर म्हणता त्यावर मी उभा राहिलो आहे.

आम्हाला बीओपी, म्हणजे विहिरीतून तेल-वायू उसळला तर तोंड बंद करणारा झडपांचा संच, खाली सोडून विहिरीच्या तोंडावर बसवायचा होता. वादळ येऊन गेलं होतं. वारा पडला, आभाळ स्वच्छ झालं, पाणी नुसतं डोळ्यांनी बघितलं तर गुळगुळीत. हवामानाच्या कागदावर लाटांची उंची दोन मीटर. किनाऱ्यावरच्या कार्यालयातून सारखी विचारणा, उंची मर्यादेच्या आत आहे, मग काम का थांबलंय? आणि इकडे रिग वादळात हलली नव्हती एवढी हलत होती. दूरवरच्या वादळातून आलेला लांब स्वेल होता, वीस सेकंदांच्या आसपासचा. दोन बोटं लांब अंतरावर ठेवून क्षितिज बघितलं तर कळायचं, सगळा समुद्रच श्वास घेतल्यासारखा वरखाली होतोय.

आमच्या प्रमुखांनी ठामपणे नकार दिला. शेकडो टनांची वस्तू समुद्रतळावरच्या तोंडावर अलगद टेकवायची, आणि ती ज्या पाइपला लटकलीय त्याचं वरचं टोक तीन मीटर वरखाली होतंय, तर ती अलगद टेकणार कशी? ती आपटणार. तीन दिवस थांबलो. त्या तीन दिवसांत प्रमुखांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आम्ही पाहिलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर तेव्हापासून कायम आहे. लाटेची उंची विचारणाऱ्याने आवर्तकालही विचारावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

थोडं यंत्रांबद्दल. ड्रिल स्ट्रिंगसाठी, म्हणजे ड्रिल पाइपच्या जोडलेल्या माळेसाठी, हीव्ह कॉम्पेन्सेटर असतो. दाबाखालच्या हवेवर आणि तेलावर चालणारे मोठे सिलिंडर, रिग वर गेली की ते तेवढेच खाली सोडतात, म्हणजे बिटवरचं, तळाशी खडक कापणाऱ्या टोकावरचं, वजन जवळपास स्थिर राहतं. त्याची धाव साधारण साडेसात मीटर असते. रायझरला, म्हणजे विहिरीच्या तोंडापासून रिगपर्यंत येणाऱ्या जाड नळीला, टेन्शनर ताणून धरतात आणि वरच्या टोकाला दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा स्लिप जॉइंट असतो. काम थांबवायची मर्यादा या धावेच्या बरीच आत ठेवतात, कारण लाटांच्या गर्दीत एखादी इतरांहून मोठी येतेच.

मोजपट्टी

उधाण, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

"एखादी इतरांहून मोठी येतेच" याला आकडा देतो. हवामानाच्या अंदाजातली लाटेची उंची म्हणजे सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. साधारण हजार लाटांत, म्हणजे वादळात तीनेक तासांत, सगळ्यात मोठी लाट त्याच्या सुमारे १.८६ पट निघते. १० मीटर लिहिलं असेल तर साडेअठराची तयारी हवी.

अवांतर: माणसाच्या शरीराला उंचीपेक्षा त्वरण जाणवतं. मध्यापासून तीन मीटर वर आणि तीन मीटर खाली ही हालचाल १२ सेकंदांत झाली तर त्वरण गुरुत्वाच्या आठ टक्के, २५ सेकंदांत झाली तर दोन टक्क्यांच्याही आत. समुद्र लागण्याच्या बाबतीत माणूस सर्वात हळवा असतो तो पाचेक सेकंदांच्या तालाला. हेलिकॉप्टर उतरवतानाही म्हणूनच डेक किती मीटर हलतोय यासोबत तो किती वेगाने हलतोय हे मोजतात.

शीड

ओळंबा, पॉंटूनवर माथा आला की ते खाली ढकललं जातं हे वाचून थांबले आणि कागदावर आकृती काढली. पटलं. उद्या वर्गात सांगणार आहे.

पुढचा प्रश्न. २० सेकंद काठावर आहेत, तर आणखी लांब का जात नाही? तीस-चाळीस सेकंद ताल ठेवा आणि निर्धास्त व्हा.

ओळंबा

जातात. त्याला स्पार म्हणतात. एक उंच, उभा दंडगोल, बहुतेक सगळा पाण्याखाली, तळाशी जड बॅलास्ट, म्हणजे तोल राखणारं वजन. तेल उत्पादनासाठी बांधलेला पहिला स्पार नेपच्यून, मेक्सिकोच्या आखातात, १९९७. नळकांड्याची लांबी २१५ मीटर, त्यातलं १९८ मीटर पाण्यात, व्यास २२ मीटर.

सरळ दंडगोलाचं गणित विलक्षण सोपं होतं. व्यास वाढवला की वस्तुमान जेवढं वाढतं तेवढंच पाणरेषेवरचं क्षेत्रफळही वाढतं, म्हणून व्यास गणितातून उडून जातो. ॲडेड मास क्षणभर बाजूला ठेवला तर आवर्तकाल फक्त बुडालेल्या लांबीवर ठरतो, आणि सूत्र हुबेहूब तेवढ्याच लांबीच्या लंबकाचं. १९८ मीटरला २८ सेकंद. शिवाय १४ सेकंदांच्या लाटेचा दाब १९८ मीटरवर दोन टक्क्यांच्या आत येतो. तळाला ढकलायला काही उरतच नाही. त्यामुळेच स्पारवर विहिरींची तोंडं डेकवर घेता येतात, जी सेमीवर सहसा समुद्रतळावर ठेवावी लागतात.

मग अडतं कुठे? एक तर २८ सेकंदांचाच स्वेल आला तर तो सव्वा किलोमीटर लांब असतो आणि १९८ मीटरवरही त्याचा एक-तृतीयांशाहून अधिक दाब पोचतो. खोलीचं कवच नेमकं तिथेच पातळ होतं जिथे आपला ताल आहे. तेव्हा भिस्त राहते अवमंदनावर, म्हणजे झोका विझवणाऱ्या घर्षणावर. गुळगुळीत दंडगोलात ते फार कमी. म्हणून नंतरच्या स्पारमध्ये खालचं नळकांडं काढून तिथे पोलादी जाळीचा सांगाडा आणि त्यात थराथराने आडव्या चौकोनी प्लेटा बसवल्या. प्लेट वरखाली होताना भरपूर पाणी सोबत ओढते, म्हणजे ॲडेड मास वाढतो, आणि तिच्या कडांवर भोवरे सुटतात, म्हणजे झोका लवकर विझतो. पोलाद कमी आणि काम जास्त. मेक्सिकोच्या आखातातला पर्डिडो स्पार २०१० पासून सुमारे २४५० मीटर पाण्यात याच पद्धतीवर उत्पादन देतो आहे.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. स्पारचा वरखाली होण्याचा ताल आणि बाजूला कलण्याचा ताल यांत जर बरोबर एकास दोन असं नातं पडलं, तर हीव्हमधली ऊर्जा कलण्यात झिरपते. वर-खाली होताना मंचाची स्थिरता कमी-जास्त होत राहते आणि लाट बाजूने फारसं न ढकलताही तो डोलायला लागतो. झोपाळ्यावर उभं राहून योग्य वेळी गुडघे वाकवले की झोका वाढतो, तेच. म्हणून दोन्ही ताल एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात, आणि पुन्हा अवमंदन लागतंच.

या अवमंदनाचा आकडा मात्र गणितातून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी नेदरलँड्समधल्या मारिनसारख्या संस्थांच्या कुंडात छोटी प्रतिकृती तरंगवून पाहतात. एकास पन्नास प्रमाण घेतलं तर १४ सेकंदांची लाट तिथे दोन सेकंदांची होते. भोवरे त्या प्रमाणात लहान होत नाहीत, म्हणून निकाल वाचायलाही अनुभव लागतो.

मोजपट्टी

एका गोष्टीवर थोडं असहमत आहे. धाग्याच्या शीर्षकातून असं वाटतं की मंच न हलणं हे निव्वळ चांगलंच. जहाज लाटेबरोबर वर जातं, त्यामुळे माथा सहसा त्याच्या डेकच्या खाली राहतो. जो मंच वर जात नाही त्याच्याकडे लाट चढून येते. डेकखाली किती मोकळी जागा उरते, ज्याला एअर गॅप म्हणतात, तो या स्थिरतेचा हिशेब आहे.

१ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर या स्थिर मंचाखाली मोजलेल्या लाटेचा माथा शांत पातळीच्या १८.५ मीटर वर होता. आणि ३० डिसेंबर २०१५ ला त्याच समुद्रात सीओएसएल इनोव्हेटर या सेमी-सबमर्सिबलवर लाट थेट डेकच्या पेटीवर आदळली, निवासी भागाच्या खिडक्या आत आल्या आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर डेकच्या दर्शनी भिंतीवर आडव्या धडकेचं बल धरण्याचे नियम कडक झाले. ही चूक रिग जास्त हलल्याची नव्हती. रिग आणि पाणी यांच्यातल्या अंतराचा अंदाज कमी पडला. खांबांना अडून पाणी आणखी वर उसळतं ते वेगळंच.

ओळंबा

मान्य. हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. मंच स्वतः किती हलतो याच्याइतकंच मंच आणि लाट एकमेकांच्या सापेक्ष किती हलतात हे बघावं लागतं, आणि वादळात माथा वर येत असताना रिग नेमकी खाली जात असेल तर दोन्ही बेरजेने अंगावर येतात. शीर्षक तसंच ठेवतो, पण तुमच्या प्रतिसादाचा उल्लेख वर करतो.

शीड

करून पाहिलं. पाच सेंटिमीटर व्यासाची, खालून बंद प्लॅस्टिकची नळी घेतली, आत वाळू भरत गेले आणि बरोबर २५ सेंटिमीटर बुडेपर्यंत थांबले. ओळंबांच्या लंबकाच्या सूत्राने एक झोका एक सेकंदाचा यायला हवा. रुंद पिंपात दाबून सोडली. पाच झोक्यांना पाच सेकंदांपेक्षा किंचित जास्त. तीन वेळा केलं, दरवेळी किंचित जास्तच.

मग नळीच्या बुडाला जुनी सीडी चिकटवली आणि तेवढीच वाळू कमी करून खोली पुन्हा २५ वर आणली. या वेळी तीनच झोके मोजता आले, त्यांना चार सेकंदांच्या थोडा वर वेळ लागला, आणि नळी थांबली. वजन तेच, पाणरेषा तीच. मुलं पिंपाभोवती वाकून सीडीच्या कडेला वाळूचे कण गरगरताना बघत होती.

ओळंबा

किंचित जास्त येणारच, नळीच्या सपाट बुडाखालचं पाणीही सोबत हलतं. आणि सीडी १२ सेंटिमीटरची. तेवढ्या चकतीला चिकटून साधारण अर्धा किलो पाणी हलतं, म्हणजे तुमच्या नळीच्या वजनाइतकंच. हलणारं वस्तुमान दुप्पट, म्हणून ताल १.४ पट. पिंपाच्या भिंती जवळ असतील तर आणखी थोडा वाढेल. जमलं तर दुसरी सीडी बुडापासून पाच-सहा सेंटिमीटर वर लावून बघा. दुप्पट परिणाम येत नाही, कारण दोघी मधलं पाणी वाटून घेतात. स्पारच्या प्लेटांमधलं अंतर ठरवताना हाच प्रश्न पडतो.